इरलं की कांबळं?

दिवाळीपासून मला तीन फोन आले, तिन्ही आपल्या मंडळातल्या घरांतून. आधी लेकीची चौकशी, आणि लगेच दुसरा प्रश्न, "तिला सायकलवर पायांत घालायला काय दिलंस गं?" एकीचा मुलगा आयर्लंडला चाललाय, एकीची भाची जर्मनीत आहे, तिसऱ्या घरातली मुलगी येत्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्सला जाईल. फोनवर सांगायला गेलं की अर्धा तास जातो, आणि शेवटी "मग नेमकी कुठली घेऊ?" हे राहतंच. म्हणून एकदा लिहूनच काढते.

आधी हसून घ्या. मी जन्माने पेडण्याची, सासर डिचोलीचं. डिचोलीत नव्या सोमवारच्या रात्री पारा २० अंशांवर आला की आमच्या गल्लीत शाली आणि माकडटोप्या निघतात. अशा गावातल्या विज्ञानाच्या मास्तरणीने गारठ्यातल्या सायकलस्वारांच्या गरम टाइट्सवर लिहायचं म्हणजे जरा जास्तच झालं. पण थंडी आम्हाला ठाऊक नसली तरी पाऊस ठाऊक आहे. आणि या खरेदीत थंडीपेक्षा पाऊसच जास्त घोटाळे करतो.

लेकीची गोष्ट थोडक्यात अशी. तिला डेल्फ्टच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. डेल्फ्टमध्ये विद्यार्थ्यांना खोल्या मिळणं फार कठीण, म्हणून खोली मिळाली ती हेग शहरात. जायला १० किलोमीटर, यायला १० किलोमीटर. ट्रेन आहे, ट्राम आहे, पण तिथल्या विद्यार्थ्यांना मिळणारा मोफत प्रवासाचा पास आपल्याकडून गेलेल्या मुलांना मिळत नाही. शिक्षणाचं कर्ज काढून गेलेल्या पोरीला रोजचं भाडं परवडणारं नव्हतं, सायकल परवडणारी होती. त्यात सतराव्या वर्षी तिच्या डाव्या गुडघ्याच्या अस्थिबंधनाची शस्त्रक्रिया झालेली. डॉक्टरांनी तेव्हा एकच बजावलं होतं, गुडघा गरम झाल्याशिवाय जोर लावायचा नाही. ३ अंशांत, समोरच्या वाऱ्यात, हा गुडघा रोज २० किलोमीटर चालवायचा होता. त्यामुळे आमच्या घरात टाइट्स हा फॅशनचा विषय कधी झालाच नाही.

तरी सासूबाईंनी तो करून पाहिला. लेक पहिल्यांदा टाइट्स घालून अंगणात आली तेव्हा त्या म्हणाल्या, "बाय, हें घालून तूं रस्त्यार वतली?" मग किंमत कळली, साडेतीन हजार. पायांना चिकटण्याबद्दलची तक्रार तिथेच संपली. एवढ्या पैशांत दोन चांगली लुगडी येतात आणि ती दहा वर्षं टिकतात, हा नवा मुद्दा सुरू झाला. तो अजून चालू आहे.

आता पावसाकडे येते. पार्सेला माझ्या आजोळी शेतात पावसापासून वाचायचे दोन प्रकार होते. लावणीला वाकलेल्या बायकांच्या पाठीवर इरलं असे, बांबूच्या कामट्या आणि पानांचं. वरून कितीही कोसळो, पाठीला थेंब लागत नसे. आजोबांकडे कांबळं होतं, घाटावरून येणाऱ्या धनगरांकडून घेतलेलं, काळं, खरखरीत. त्याची खोळ करून डोक्यावर घेतली की ते नांगराला मोकळे. कांबळं पावसात भिजायचंच, संध्याकाळी ओसरीत टांगलं की खाली थारोळं व्हायचं. तरी आजोबा त्यात कुडकुडलेले मी पाहिले नाहीत. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा स्वतःत घेते आणि तरीही अंगाला ओली लागत नाही. धाग्यांच्या कुरळेपणात हवा अडकून राहते, आणि ती हवाच खरी ऊब. हे मी पुढे वर्गात शिकवलं. आजोबांना ते न शिकता माहीत होतं.

दुकानातल्या सगळ्या टाइट्स शेवटी या दोन घराण्यांतल्याच असतात. काही इरल्याच्या, म्हणजे पाणी आत येऊच द्यायचं नाही. काही कांबळ्याच्या, म्हणजे पाणी आलं तरी ऊब जाऊ द्यायची नाही. दुकानदार मात्र दोन्हींना एकच नाव देतो. पणजीतल्या एका दुकानात विक्रेता "मॅडम, हंड्रेड परसेंट वॉटरप्रूफ" म्हणत होता आणि त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर छापलं होतं वॉटर रेझिस्टंट. या दोन शब्दांत पेडणे ते काणकोण एवढं अंतर आहे.

वॉटरप्रूफ कपड्यात आत एक अतिशय पातळ पापुद्रा असतो आणि शिवणीवर आतून पट्ट्या चिकटवलेल्या असतात. अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉन ताणून असा पापुद्रा तयार केला. त्याची छिद्रं एवढी बारीक की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. कागदावर हे फार सुंदर आहे. प्रत्यक्षात सायकलवर मांड्या हे अंगातलं सगळ्यात मोठं इंजिन, आणि घाम त्या वाफेच्या वाटेपेक्षा जास्त वेगाने येतो. भाताच्या टोपावरचं झाकण उचलून पाहा, आतून थेंब लोंबत असतात. वरून पाऊस पडलेला नसतो, तरी झाकण ओलं. पायांचं तेच होतं. शिवाय असा पापुद्रा फारसा ताणला जात नाही, त्यामुळे पूर्ण वॉटरप्रूफ वस्तू बहुतेक सैल पँटच असते. अंगाला घट्ट बसणारी टाइट जर कुणी पूर्ण वॉटरप्रूफ म्हणून विकत असेल, तर ती उलटी करून शिवणीवर पट्ट्या आहेत का बघा. नसतील तर शिवणीच्या प्रत्येक टाक्यातून पाणी येणार.

वॉटर रेझिस्टंट म्हणजे अळूचं पान. कापडाच्या वरच्या बाजूला एक लेप असतो, त्यावर पाण्याचे मणी होतात आणि घरंगळून जातात. भुरभुर पाऊस, धुकं, चाकाचे तुषार, एवढं तो सहज झेलतो. सरसरून आलेल्या पावसात पंधरावीस मिनिटांनी दमतो. घासल्याने आणि धुतल्याने हा लेप झिजतो, हेही लक्षात ठेवायचं, कारण पुढे त्यावरूनच एक किस्सा आहे.

जाण्याआधीच्या जानेवारीत अर्ज करून झाला होता, पत्र यायचं होतं. लेकीने ठरवलं, थंडीत पाय कसे वागतात ते इथेच पाहायचं. गोव्यात थंडी कुठून आणायची? आम्ही आंबोली गाठली. माझ्या माहेराहून पहाटे पाचला निघालो, पत्रादेवीला हद्द ओलांडली, बांदा, सावंतवाडी, दाणोली, आणि मग घाट. एकूण पन्नासहून थोडे जास्त किलोमीटर, शेवटी समुद्रसपाटीपासून जवळजवळ ७०० मीटर उंच. तिचे बाबा गाडी घेऊन मागे होते, थर्मास आणि टोमणे दोन्ही सोबत.

आंबोली ही टाइट्सची फार चांगली परीक्षा आहे, कारण ती दोनदा घेते. चढताना माणूस घामाने निथळतो. वर पोचलो तेव्हा सायकलच्या मीटरवर १३ अंश होते. चहाला वीस मिनिटं थांबलो आणि उतरायला लागलो. उतारावर पाय फिरवायचे नसतात, म्हणजे ऊब तयार होत नाही, आणि वारा ताशी ४० किलोमीटरचा. त्या दिवशी तिने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या जाड सुती लेगिंग्ज घातल्या होत्या. सुती कापड घाम पिऊन बसतं, सोडत नाही. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओलं सुती कापड म्हणजे पायांवर गुंडाळलेली गार पट्टी. दाणोलीला पोचेपर्यंत तिचे दात वाजत होते आणि गुडघा पुढचे दोन दिवस आखडला.

दोन आठवड्यांनी पुन्हा तोच रस्ता, पण आतून ब्रश केलेल्या, मऊ लव असलेल्या लायक्राच्या टाइट्स. या कापडाला सायकलवाले रूबे म्हणतात, फ्रान्समधल्या त्या प्रसिद्ध शर्यतीच्या गावावरून. त्यातला पॉलिएस्टरचा धागा स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही. घाम लवेतून वर चढतो आणि वाऱ्याने वाळतो. ती चढताना त्याहून जास्त घामेजली, कारण कापड गरम. पण उतरताना मांड्या ठीक होत्या. गार पडले ते गुडघे आणि नडग्यांचा पुढचा भाग. ते साहजिकच आहे, गुडघ्यावर ना स्नायू ना चरबी, आणि वारा सगळ्यात आधी तिथेच आदळतो. म्हणजे तिला काय हवं ते कळलं. मागे हवा खेळणारं साधं कापड, पुढे मांडीपासून नडगीपर्यंत वारा अडवणारं आणि लेप दिलेलं कापड, आतून सगळीकडे लव. अशा टाइट्स मिळतात, फक्त "विंडप्रूफ फ्रंट" असा शब्द शोधावा लागतो. "थर्मल" हा शब्द पुरेसा नाही, तो कशावरही छापलेला असतो.

जुलैत पावसाची परीक्षा. पेडणे ते डिचोली, धारगळ, कोलवाळ, अस्नोडा, मुळगाव करत तीसेक किलोमीटर. लेकीने मैत्रिणीची सैल वॉटरप्रूफ पँट मागून आणली होती, मी त्या नव्या टाइट्स घातल्या. माझी त्यातली छबी कुणी पाहिली असेल तर त्यांनी ती विसरावी. कोलवाळचा पूल ओलांडला आणि जो धरला तो मुळगावपर्यंत. अस्नोड्याला एका दुकानाच्या पडवीत थांबून तिने पँट आतून चाचपली तर ती आतून ओलीचिंब, घामाने. माझे पायही ओले होते, पण पावसाने. निकाल बरोबरीचा म्हणा. २६ अंशांत कुणाची ऊब मोजणार? पण दोन गोष्टी गोव्यातच कळल्या आणि त्या युरोपात कळून महाग पडल्या असत्या.

एक म्हणजे, दोघींच्या मागच्या बाजूला कमरेपासून खाली तांबड्या चिखलाचा पट्टा उठला होता. तो आभाळातून नव्हता आला, मागच्या चाकाने उडवलेला होता. पावसात सायकलस्वार बसायच्या जागी भिजतो तो बहुतेक वेळा खालून. यावर उपाय टाइट नाही, पूर्ण लांबीचं मडगार्ड आहे. माझं मत विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा आधी मडगार्ड, मग टाइट. दुसरी गोष्ट पावलांची. नडगीवरून ओघळलेलं पाणी सरळ बुटात जातं. टाइटची किंवा पँटची कड बुटाच्या आवरणावरून बाहेर राहिली पाहिजे, आत खोचली की बुटाची बादली होते. कौलं लावताना वरचं कौल खालच्यावर येतं ना, तसंच.

खरेदीच्या वेळी मग फार वेळ लागला नाही. पॅड असलेल्या घ्यायच्या की बिनपॅडच्या, यावर आमचं थोडं वाजलं. मी बिनपॅडच्या म्हणत होते आणि तेच झालं. १० किलोमीटरला पॅड लागत नाही, लागलीच तर आत पॅडची शॉर्ट घालता येते, आणि पॅड नसलं की टाइट रोज धुवावी लागत नाही, लवकर वाळते. खोलीत एकच हीटर आणि त्यावर तिघींचे कपडे असतात तेव्हा हे महत्त्वाचं ठरतं. खांद्यावरून पट्टे येणाऱ्या टाइट्स कंबर झाकतात, घसरत नाहीत, शर्यतवाले त्याच वापरतात. पण विद्यापीठात दिवसभर बसायचं आणि प्रत्येक वेळी बाथरूममध्ये जाकीट, स्वेटर सगळं उतरवायचं, हे मुलींना नको. उंच कमरेची, रुंद इलॅस्टिकची घ्यावी. घोट्याला झिप असावी, चमकणारी पट्टी मागच्या बाजूला असावी, कारण तिकडे डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो आणि जाणं अंधारातच होतं. आणि आरशासमोर उभं राहून माप बघू नका. दुकानात खुर्चीवर उलटं बसा, पुढे वाका, गुडघा छातीकडे आणा. गुडघ्यामागे चुणी पडून चिमटा बसत असेल किंवा कंबर उघडी पडत असेल तर ते माप तुमचं नाही.

दुसरी वस्तू सैल रेनपँट. ती इथून घेतलीच नाही, तिचे पैसे लेकीजवळ राखून दिले. तिथे ती सायकलच्या दुकानांत सहज मिळते, आणि तिथल्या माणसांना बघून घ्यावी. कारण मजा अशी की डच लोक रोजच्या जाण्यायेण्याला टाइट्स वगैरे घालतच नाहीत. जीन्सवर रेनपँट ओढतात आणि निघतात. कुणी पावसाची कुरकुर केली तर म्हणतात, तू काय साखरेची आहेस? त्यांचं अंतर मात्र अनेकदा तीनचार किलोमीटरचं असतं, आणि गुडघे त्याच हवेत वाढलेले. पंधरावीस मिनिटांच्या आतलं अंतर असेल तर तुमच्या मुलांनाही रेनपँट आणि आत लोकरीचं काहीतरी एवढं पुरेल, हजारो रुपये घालवू नका. अर्ध्या तासाच्या वर गेलं की घामाचा हिशोब सुरू होतो, आणि तिथे कांबळ्याच्या घराण्यातली टाइट लागते. रेनपँट तेव्हा पिशवीत असावी, धो धो आला तर वरून ओढायला.

नोव्हेंबरपासून तिचे अहवाल येतात. सकाळी ती निघायची तेव्हा इथे दुपारचं जेवण आटोपलेलं असतं, त्यामुळे ती पोचल्याचा मेसेज येईपर्यंत माझ्या शाळेतला पाचवा तास कसा गेला ते विद्यार्थ्यांना विचारा. पाऊस तिला आधी हास्यास्पद वाटला. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत; तिकडे वर्षभर मिळून ८५० च्या आसपास. पण तो रोज थोडा थोडा, आडवा, वाऱ्याबरोबर. चढ एकही नाही, वारा हाच चढ. ५ अंश तापमानात ताशी २० किलोमीटरचा वारा लागला की अंगाला १ अंशासारखं वाटतं, आणि कालव्याकाठच्या रस्त्यावर तो अडवायला झाडही नसतं. ती म्हणते, आंबोलीचा उतार रोज सकाळी सपाट जमिनीवर उतरते आहे.

गुडघ्याने आजवर तक्रार केलेली नाही. निघताना पहिली दहा मिनिटं ती हलक्या गिअरवर पाय फिरवते, मग जोर लावते. हातापायांची बोटं मात्र गोठली, टाइट्सच्या नादात हातमोज्यांकडे तिचं दुर्लक्ष झालं होतं. ते तिने तिथेच घेतले. जानेवारीत अचानक पाणी टाइट्सवरून घरंगळेना, कापड पाणी पिऊन जड व्हायला लागलं. शोध घेतला तर खोलीतली एक मैत्रीण सगळ्यांचे कपडे एकत्र धुताना सुगंधी फॅब्रिक सॉफ्टनर ओतत होती. सॉफ्टनरचा थर त्या लेपावर बसतो आणि अळूचं पान केळीच्या टिश्यूपेपरासारखं वागू लागतं. दोनतीनदा नुसत्या साध्या द्रव साबणात धुऊन, भरपूर खळबळून, मंद आचेच्या ड्रायरमध्ये फिरवल्यावर बराच परत आला, उरलेला दुकानात मिळणाऱ्या लेपाच्या बाटलीने. ड्रायर लावण्याआधी कपड्याच्या आतली चिठ्ठी वाचायची, काही कापडांना तो चालत नाही.

एका संध्याकाळी पाऊस पडता पडता रस्त्यावरच गोठला. काळा, न दिसणारा बर्फ. तिने विद्यापीठातच सायकल कुलूप लावून ठेवली आणि ट्रामने घरी गेली. भाड्याचे पैसे मी त्या रात्री पाठवून दिले आणि सांगितलं की अशा दिवसांसाठी महिन्याला एवढी रक्कम वेगळी काढत जाईन. ही तरतूदही टाइट्सच्या खर्चातच धरा. कर्जावर राहणारी मुलं भाडं वाचवायला नको त्या दिवशी सायकल काढतात, आणि आपल्याला सांगत नाहीत.

बाकी, ज्यांनी फोन केले होते त्यांच्यासाठी. पुढच्या महिन्यात आपल्यातलंच एक कुटुंब हेगला चाललंय. त्यांच्या बॅगेत मी टाइट्सचा दुसरा जोड, लोकरीचे दोन मोजे आणि डिचोलीची अर्धा किलो सोलां पाठवते आहे. मोज्यांचे पैसे सासूबाईंनी दिले. टाइट्सचे देणार नाही म्हणाल्या.